सासऱ्यांच्या गाडीत परकं इंजिन

पैज सलूनमध्ये लागली, आणि तीसुद्धा लंबकच्या अर्ध्या तोंडाला साबण असताना. माणसाला डिवचायचं तर तो खुर्चीतून उठू शकत नसताना डिवचावं, हा माझा जुना नियम.

लंबक माझा शेजारी. दुकानाला लागून दुकान, घराला लागून घर, मध्ये एक भिंत. तो घड्याळं दुरुस्त करतो, मी चाव्या बनवतो. उंच, किडकिडीत माणूस, बोलताना आधी डावीकडे झुकणार, मग उजवीकडे, म्हणून चौकाने त्याचं नाव लंबक पाडलं. चौकाने म्हणजे मीच, पण पाडलेल्या नावाचा बाप शोधायला कोणी जात नाही.

विषय निघाला गाडीचा. लंबकच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं एक गाडी पडून होती. दोन दरवाजांची, वर कापडी टप, हवा खायची असेल तर तो मागे घडी घालून ठेवायचा. रंग फिका हिरवा. गाडी त्याच्या सासऱ्यांची. सासरे दातांचे डॉक्टर होते आणि सगळ्या जगाकडे किडलेल्या दाढेकडे बघावं तसं बघायचे, जावयाकडे तर जरा वाकूनच. रविवारी टप मागे टाकून फिरायला निघाले की स्वतः स्टिअरिंगवर, लेक शेजारी, आणि जावई मागच्या चिंचोळ्या सीटवर, गुडघे कानाला लावून. जिवंत असेपर्यंत त्यांनी लंबकला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. आणि जाताना गाडी लेकीच्या नावावर करून गेले. लंबकचं म्हणणं एवढंच होतं, की एकदा आपण त्या स्टिअरिंगवर बसावं, शेजारी बायकोला बसवावं आणि चौकाला एक चक्कर मारावी. बास. माणसाची स्वप्नं किती लहान असतात बघा, आणि ती पुरी करायला किती सामान लागतं.

इंजिन बंद पडलेलं होतं. लंबकने ते घड्याळासारखं उघडलं. एकेक नट, एकेक वॉशर पुसून डबीत, डबीवर नंबर. दोनशे बारा डब्या झाल्या. दुखणं काय ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. इंजिनाच्या मुख्य ओतीव भागालाच तडा गेला होता, आणि तो भाग आता जगाच्या पाठीवर कुठे मिळत नव्हता. तरी लंबक दर रविवारी डब्या पुसायचा.

चौकाच्या टोकाला मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने शंभरदा सांगून पाहिलं की भंगारातल्या एखाद्या नव्या गाडीचं इंजिन टाकू, महिन्यात रस्त्यावर येईल. लंबक कानांवर हात ठेवायचा. कारण त्याच्या दुकानात, काउंटरच्या वर, ठसठशीत अक्षरात पाटी आहे: ‘जुन्या घड्याळात बॅटरीचं मशीन बसवून मिळणार नाही.’ या पाटीपायी त्याने निम्मं गिऱ्हाईक घालवलं. एखादी बाई आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ कापडात गुंडाळून आणायची, आणि लंबक तिला वीस मिनिटं समजावायचा, की आतलं मशीन काढलं की ते घड्याळ राहत नाही, डबा राहतो. बाई मान डोलवायची, घड्याळ उचलून पलीकडच्या रस्त्यावर जायची, आणि दहा मिनिटांत तिचा डबा टिकटिक करायला लागायचा.

तर मी सलूनमध्ये म्हटलं, की ही गाडी गॅरेजबाहेर येईल ती भंगारवाल्याच्या हातगाडीवरूनच. साबणातून आवाज आला, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी बाराच्या आत, गाडी स्वतःच्या ताकदीवर चौकाला पूर्ण चक्कर मारेल. कोणी धक्का न देता. गळ्यावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. फुशारकी मारत नाही असं कोणी म्हटलेलं नाही. मी लगेच हात पुढे केला. सलूनवाला साक्षीदार.

हरणाऱ्याने काय करायचं यावर पाऊण तास गेला, तोवर लंबकच्या तोंडावरचा साबण वाळून त्याचे पापुद्रे निघाले. ठरलं असं: गाडी फिरली नाही, तर लंबकने त्याच दिवशी बारा ते चार चौकात मधोमध उभं राहून दर पाच मिनिटांनी किती वाजले ते ओरडून सांगायचं. गाडी फिरली, तर मी तिच्यापुढे चालत तोंडाने हॉर्न वाजवायचा, कारण गाडीच्या हॉर्नचा रबरी फुगा उंदरांनी केव्हाच संपवला होता. मी हसत हसत कबूल झालो. दोनशे बारा डब्यांपुढे मला घाबरायचं कारण नव्हतं.

इथवर सगळी गंमत होती. पुढचं माझ्या जिभेने केलं.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे एक हॉटेलवाला आला. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्याचं नवं हॉटेल होत होतं, खोल्यांच्या जादा चाव्या हव्या होत्या. चाव्या घासून होईपर्यंत तो आपली रडकथा सांगत बसला, की हॉटेलच्या दारात काहीतरी निराळं हवंय, लोकांनी थांबून फोटो काढावेत असं. माझी जीभ खाजली. म्हटलं, साहेब, आमच्या शेजाऱ्याकडे एक उघडी गाडी आहे. बॉनेटखाली इंजिन नाहीच, तिथे माती भरा. सीटवर फुलझाडं लावा. स्टिअरिंगवर वेल सोडा. मी थट्टा करत होतो. तो खिशातून वही काढून लिहून घेत होता. थट्टा न कळणारी माणसं फार धोक्याची असतात, त्यांना लायसन्स लागायला हवं. तासाभरात हा गृहस्थ वहिनींसमोर बसून चहा पीत होता.

वहिनी म्हणजे लंबकची बायको. शिवणकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीत तीन मशिनं, कापडाचे तागे जेवणाच्या टेबलावर, जेवणं मांडीवर. गॅरेज मोकळं झालं तर तिथे शिवणाचा क्लास काढीन, हे त्या अकरा वर्षं म्हणत होत्या. हॉटेलवाला गेल्यावर त्या नवऱ्याशी जे बोलल्या ते मी भिंतीतून ऐकलं. भिंत पातळ आहे, आणि मी कान लावला होता.

“अहो, तुम्ही पैजेला शेवटचा रविवार दिलाय ना? मीपण त्यांना तोच दिलाय. बारापर्यंत फिरली तर गाडी तुमची. नाही फिरली तर फुलझाडांची.”

“बाबांची गाडी आहे ती,” लंबक म्हणाला.

“बाबा असते तर कधीच विकून नवी घेतली असती. त्यांना चालणारी गाडी आवडायची, पुसायची नाही.”

पुढचं नीट ऐकू येईना. मी कान बदलून पाहिला.

दोन दिवस लंबक माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, रुसला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानासमोरून एक हातगाडी गेली. पुढे मिस्त्री ओढतोय, मागून लंबक ढकलतोय, आणि वर गोणपाटाखाली झाकलेलं काहीतरी. मी गोणपाट उचललं. खाली अख्खं इंजिन, गिअरबॉक्ससकट. कुरिअरच्या एका छोट्या व्हॅनचं. व्हॅनला मागून कोणीतरी असं ठोकलं होतं की तिची पेटी झाली होती, पण पुढचं इंजिन ठणठणीत. दातांच्या डॉक्टरांच्या गाडीत पार्सलं वाहणारं इंजिन. मला इतका आनंद झाला की मी गिऱ्हाइकाची चावी उलटी कापली.

त्याच दुपारी मी एक पाटी रंगवून लंबकच्या गॅरेजच्या दारावर टांगली: ‘जुन्या गाडीत नवं मशीन बसवून मिळेल.’ लंबक बाहेर आला, पाटी वाचली, ती जरा तिरकी होती ती सरळ केली आणि आत गेला. अशा माणसाची थट्टा करणं म्हणजे उशीला गुद्दे मारण्यासारखं.

पुढचे तीन आठवडे मी दुपारी दुकान अर्धं उघडं ठेवून त्या गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसलेला असायचो. शेंगदाणे खात. फुकटचा तमाशा सोडू नये. मिस्त्री सगळं वितीने मोजायचा, लंबक व्हर्नियरने. मिस्त्री म्हणायचा, बसतंय. लंबक म्हणायचा, पाऊण मिलिमीटर बसत नाहीये. इंजिनासाठी नवे पाय वेल्ड केले. रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. व्हॅनचा गिअरबॉक्स लांब निघाला, म्हणून पाय ठेवायच्या जागेतला पत्रा कापावा लागला. कटर पत्र्याला लागला तेव्हा लंबक बाहेर जाऊन उभा राहिला, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा. मिस्त्री मला डोळा मारून म्हणाला, की पेशंटपेक्षा नातेवाइकाला भूल द्यायला हवी होती.

आणि वायरी. जुन्या गाडीत मोजून अकरा वायरी होत्या. व्हॅनच्या इंजिनाबरोबर त्यांचं एक जंगल आलं, मध्ये विटेएवढी काळी पेटी, म्हणजे त्या इंजिनाचा कॉम्प्युटर. मिस्त्री जंगल बघून खाली बसला. लंबक मात्र पहिल्यांदाच खुलला. डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून चार दिवस तो एकेक वायर शोधत गेला, आणि प्रत्येकीला बारीक कागदी चिठ्ठी बांधली. एकशे चाळीस चिठ्ठ्या, मुंगीच्या अक्षरात. मी म्हटलं, एकेकीचं बारसं करतोयस की काय. तो म्हणाला, हळू बोल, मोजतोय.

शुक्रवारी दुपारी इंजिन पहिल्यांदा चालू केलं. वहिनीसुद्धा गळ्यात टेप टाकून दारात आल्या. इंजिन लागलं. गुरगुरलं. दोन सेकंदांत बंद. पुन्हा लागलं, पुन्हा दोन सेकंद, पुन्हा बंद. सातव्या वेळी मिस्त्रीने त्या काळ्या पेटीजवळ लुकलुकणारा लाल दिवा पाहिला आणि विचारलं, की व्हॅनची चावी कुठे आहे. नवी गाडी आपली चावी ओळखते. चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, ती जवळ नसेल तर इंजिन दोन सेकंद चालतं आणि चोर समजून बंद पडतं. भंगारवाल्याने काळ्या मुठीची एक चावी लंबकच्या हातात दिली होती, ती आण.

लंबक डावीकडे झुकला आणि तसाच राहिला.

मग हळूहळू बाहेर आलं. घड्याळाच्या धंद्यात चावी म्हणजे किल्ली द्यायची वस्तू. हिचे दात तुटलेले, आणि इंजिन चालू करायचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनेही फिरत होतं, म्हणजे चावीचा उपयोग शून्य. पण मूठ उघडली तर आत चपटा सेल, अगदी नवा. चांगला सेल वाया घालवणारा घड्याळवाला अजून जन्मायचाय. बेकरीवाल्याचा छोटा वजनकाटा त्याच दिवशी दुरुस्तीला आला होता. सेल काट्यात गेला. उरलेली मूठ कचऱ्यात गेली, कचरा तीन आठवड्यांपूर्वी गावाबाहेर.

बेकरीवाल्याकडून सेल परत आणू का, असं लंबकने हळूच विचारलं. मिस्त्रीने कपाळावर हात मारून सांगितलं, की सेल फक्त दरवाजे उघडण्याच्या बटणासाठी असतो. चिपला सेल लागतच नाही. ती नुसती असते, आणि चालते.

“सेलशिवाय?” लंबकने विचारलं, आणि त्या परिस्थितीतही त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला.

कंपनीच्या शोरूमला फोन झाला. ते म्हणाले, व्हॅनचे कागद आणा. कागदोपत्री व्हॅन मेलेली होती. मेलेल्याची चावी देत नाहीत. फोन ठेवून मिस्त्री म्हणाला, की अशा चिपच्या चाव्या बनवायचं मशीन या भागात एकाच माणसाकडे आहे. आणि तिघांनीही वळून बादलीकडे पाहिलं.

मी शेंगदाणे चघळत होतो. आयुष्यात इतकं महत्त्व मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चौकभर झालं. ज्याची पैज, त्याच्याच हातात चावी. सलूनवाल्याने गिऱ्हाइकाची एक बाजू तशीच टाकून येऊन विचारलं, की तू करणार काय. मी म्हटलं, पैज म्हणजे पैज, स्वतःच्या फासाला स्वतः तेल लावणारा मी कोण. लोक हसले. घरी बायकोला तेच वाक्य ऐकवलं. ती हसली नाही. तिने विचारलं, की त्या हॉटेलवाल्याला गाडीचं कोणी सांगितलं होतं. मी म्हटलं, आज आमटी छान झालीय. ती म्हणाली, अजून वाढलेली नाही.

शनिवारी सकाळी हॉटेलवाल्याचा माळी आला. मातीची वीस पोती गॅरेजच्या भिंतीला लावून रचली. मग टेप काढून गाडीची मापं घेतली आणि खडूने गाडीच्या तळाच्या पत्र्यावर आठ फुल्या मारल्या. झाडांना घातलेलं पाणी निचरायला भोकं पाडावी लागतात म्हणे. ड्रिल उद्या आणतो, असं अगदी नम्रपणे सांगून तो गेला. मी माझ्या दारातून बघत होतो, कारण काहीतरी बोलायला सुचेल अशी मला आशा होती. लंबकने ओलं फडकं आणलं, गुडघ्यांवर बसला, आणि एकेक फुली पुसली. घासून नाही. घड्याळाची काच पुसतात तशी, गोल गोल. आठवी पुसून झाली तेव्हा त्याने पत्र्यावर बोट फिरवून पाहिलं, खडू राहिला नाही ना म्हणून.

मी आत जाऊन घासून झालेली एक चावी पुन्हा घासली. असं माझं होत नाही.

अकरा वाजता तो माझ्या दुकानात आला. समोर दोन गिऱ्हाइकं होती, तर त्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. अकरा पावलांवरचा शेजारी, रांगेत. त्याची पाळी आली.

“एक चावी हवी होती,” तो म्हणाला.

“कसली?”

“तुला माहितीये कसली.”

“ती केली तर मी हरतो, लंबक.”

“माहितीये. म्हणून तर रांगेत उभा राहिलो. ओळखीने नाही मागत. गिऱ्हाईक म्हणून मागतोय.”

मी मागे टेकलो. असा मौका पुन्हा येणार नव्हता. म्हटलं, एका अटीवर. दुकानातली ती पाटी काढ. बॅटरीच्या मशीनची. गाडीचं पोट फाडून पार्सलवाल्याचं काळीज बसवलंस, आता त्या पाटीला काय अर्थ आहे?

तो उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला. हातची गाडी जात होती, उद्या दुपारी तिच्यात माती पडणार होती, आणि हा माणूस खरोखर विचार करत होता.

“नाही,” तो म्हणाला. “घड्याळाची गोष्ट वेगळी आहे.”

“कशी वेगळी?”

“घड्याळ आत बघण्यासाठी असतं. गाडी बाहेर बघण्यासाठी.”

याचा अर्थ काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण जो माणूस इतका गळ्यापर्यंत बुडालेला असताना टोपी काढून द्यायला तयार नाही, त्याच्याशी पैज हरण्यात काही कमीपणा नाही, एवढं मला त्या क्षणी वाटलं. अर्थात हे मी त्याला सांगितलं नाही. मी म्हटलं, संध्याकाळी चारला येतो, गिऱ्हाइकांना थांबायची सवय हवी.

चार वाजता मशीन घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मशीनची वायर काळ्या पेटीला जोडली, कोरी चिप जवळ धरली. तासभर ते मशीन आणि ती पेटी एकमेकांशी भांडत होती. शेवटी पडद्यावर प्रश्न आला: जुन्या सर्व चाव्या रद्द होतील, पुढे जायचं? खाली दोन बटणं, हो आणि नाही. लंबक तेवढ्यात बाहेर गेला. त्याला बघून माझं मन बदलू नये म्हणून, की न बदलल्यास मला लाज वाटू नये म्हणून, कोण जाणे. मी एकटाच राहिलो. समोर एकशे चाळीस चिठ्ठ्या लटकत होत्या. एकीवर लिहिलं होतं, ‘ही कशाची कळली नाही, पण हवी.’

मी ‘हो’ दाबलं. मग आत्मसन्मान टिकवण्यापुरती एक खोडी केली. चिप बसवायला काळी मूठ माझ्या खिशात होती, ती तशीच ठेवली, आणि गुलाबी, फुलाच्या आकाराची बसवली. लंबकने ती चावी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, आणि पाकळ्या पाच आहेत असं म्हणाला. इंजिन लागलं, आणि लागूनच राहिलं.

रविवारी साडेदहाला अख्खा चौक बाहेर होता. हॉटेलवाल्याचा ट्रक फूटपाथला लागलेला, माळी मांडीवर ड्रिल घेऊन बसलेला. सव्वाअकराला गॅरेजचं दार उघडलं. टप मागे, गाडी धुतलेली, लंबक इस्त्रीच्या शर्टात स्टिअरिंगवर, शेजारी वहिनी. आतून सारखा टिंग-टिंग आवाज येत होता, कारण व्हॅनचा कॉम्प्युटर बिचारा सीटबेल्ट लावा म्हणून सांगत होता, आणि गाडी सीटबेल्ट निघायच्या आधीची होती.

गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

पुन्हा चालू केली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. लोकांना वाटलं, इंजिनात खोट आहे. मिस्त्री धावला, वाकला, ऐकलं, आणि सावकाश सरळ झाला. इंजिनाला काही झालं नव्हतं. लंबकने क्लच एकदम सोडला होता. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मिस्त्रीने सगळ्यांदेखत विचारलं, की शेवटची गाडी कधी चालवली होतीस. लंबकने लायसन्स आहे असं सांगितलं. ते सव्वीस वर्षांपूर्वी काढलं होतं. त्यानंतर सायकल. अकरा वर्षं माणूस गाडी दुरुस्त करत होता, आणि ती चालवायला शिकायचं राहून गेलं होतं.

पाचव्या उडीला मी हसू आवरायला बेकरीच्या मागे गेलो. सातव्या उडीला माझं हसू गेलं.

हॉटेलवाल्याने मनगट वर करून जाहीर केलं, की बारा वाजले.

“तुमचं घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे,” लंबक मान न वळवता म्हणाला. सगळ्यांनी सलूनवाल्याकडे पाहिलं, सलूनवाल्याने आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा बावन्न.

वहिनींनी गळ्यातली टेप काढून मांडीवर गुंडाळून ठेवली. म्हणाल्या, “उतरा. इकडून या.”

लंबकने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्याला काय सोडावं लागतंय ते चौकातल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून जो तो आपापल्या चपला बघत होता. मीसुद्धा.

“अहो, ती माती आत यायचीय का?” वहिनी म्हणाल्या.

तो उतरला. गाडीला पुढून वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसला, दार हळू लावलं. सासऱ्यांच्या काळी मागच्या सीटवर होता. पुढच्या सीटवर यायला त्याला सत्तावीस वर्षं लागली, आणि स्टिअरिंगवर अजूनही त्याच घराण्याचा माणूस होता. वहिनींना गाडी त्यांच्या बाबांनीच शिकवलेली. त्यात रोज सहा तास पायाने मशीन चालवणारी बाई, तिला क्लच काय सांगायचा. गाडी लोण्यावरून सुरी जावी तशी सुटली.

सलूनवाल्याने माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं.

मी बॉनेटच्या पुढे दहा पावलांवर जाऊन उभा राहिलो, छाती भरून घेतली, आणि वाजवला. पहिला पोंप अगदीच पिचका निघाला. लोक ओरडले, ऐकू नाही आला. मग मी लाज गुंडाळून ठेवली. फूटपाथवरून, खिडक्यांतून, ट्रकच्या टपावरून माणसं बघत होती, मुलं माझ्या मागून माझीच नक्कल करत होती, माझी बायको हात बांधून, गेल्या कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं असं समाधान चेहऱ्यावर घेऊन उभी होती, आणि मी पोंप पोंप करत चाललो होतो. हॉर्नची खरोखर गरजही होती. व्हॅनचं इंजिन इतकं मुकाट चालत होतं, की मागे गाडी आहे की नाही ते मलाच वळून बघावं लागायचं. नुसता टिंग-टिंग. माळ्यापाशी आलो तर त्याने ड्रिल बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. हॉटेलवाल्याने फोटो काढला.

अकरा एकोणसाठला आम्ही सलूनसमोर पोचलो. चक्कर पूर्ण. माझा घसा बसला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. मी वळून लंबकपुढे वाकून मुजरा केला आणि बाजूला व्हायला निघालो.

“थांब,” लंबक म्हणाला. “बेकरीच्या कोपऱ्यावर वाजला नाही.”

मी बेकरीच्या कोपऱ्यावर दोनदा वाजवला होता. बेकरीवाल्याने कानांवर हात ठेवले होते. हे मला माहीत होतं, सलूनवाल्याला माहीत होतं, आणि पाऊण मिलिमीटर ज्याच्या नजरेतून सुटत नाही त्या माणसाला तर माहीत होतंच. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. साधा चेहरा. चाळीस वर्षांच्या शेजारात या माणसाने माझी एकदाही खोडी काढली नव्हती, आणि काढली ती अशी, भर चौकात, साक्षीदारासमोर.

“नाहीच वाजला,” सलूनवाला म्हणाला. “पैज पूर्ण चकरेची होती.”

वहिनींनी गिअर टाकलासुद्धा. लंबक सीटवर मागे रेलला, एक हात दाराबाहेर सोडला आणि दुसरा, जरा घाबरत, वहिनींच्या खांद्यामागे ठेवला.

मी पुन्हा पुढे जाऊन उभा राहिलो.

“पोंप.”

“मोठ्याने,” माझी बायको म्हणाली.